गप्प राहण्याचं तंत्र

हौशी रेडिओवरून गाडीचा माग ठेवायला नव्याने शिकणारा प्रत्येक जण मला हेच विचारतो, "दर किती सेकंदांनी पोझिशन पाठवू?" मी उलट विचारतो, "चॅनेलवर आणखी कोण कोण आहे?"

सामान थोडंच लागतं. टपावर चुंबकी बुडाची अँटेना, डॅशबोर्डखाली व्हीएचएफ संच, जीपीएस आणि दोघांना जोडणारा ट्रॅकर. सिमकार्ड नको, मोबाइलचा टॉवर नको. हौशी रेडिओचा म्हणजे हॅमचा परवाना मात्र हवाच, कारण प्रत्येक पॅकेटात कॉलसाइन जाते. तिच्यापुढे उणे नऊ लावलं, की हे चालतं वाहन आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

ही पद्धत म्हणजे एपीआरएस. अमेरिकी नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगांनी ती घडवली. १९८४ साली शंभर मैलांच्या शर्यतीतले घोडे कुठवर पोचले, हे त्यांनी व्हिक-२० या घरगुती संगणकावर मांडलं होतं. एपीआरएस म्हणजे नुसता गाड्यांचा माग नव्हे, परिसरात आत्ता काय चाललंय ते सगळ्यांना कळण्याची सोय आहे, असं ते पुढेही बजावत राहिले. सगळ्यांची सोय म्हटली की एकाने किती बोलायचं, हा प्रश्न आलाच.

वेग सेकंदाला फक्त १२०० बिट. एक पॅकेट जवळजवळ सेकंदभर हवा अडवतं, आणि डोंगरावरच्या डिजिपीटरने ते पुन्हा उच्चारलं की आणखी एक सेकंद. वीस गाड्या मिनिटाला एकदा जरी बोलल्या, तरी साठातले चाळीस सेकंद गेले. त्यात घाटातली पंचाईत वेगळीच. डोंगराच्या अल्याड-पल्याडच्या दोन गाड्यांना एकमेकींचं ऐकू येत नाही. दोघींनाही वाटतं, चॅनेल मोकळं आहे. माथ्यावरच्या डिजिपीटरला मात्र दोघी एकदम ऐकू येतात आणि बहुधा एकीचं तरी पॅकेट वाया जातं. पोझिशनच्या पॅकेटाला पोचपावती नसते, त्यामुळे ते गेलं हे गाडीला कळतही नाही.

म्हणून मी ठरावीक वेळेवर विसंबत नाही. ट्रॅकरला वेग आणि वळण पाहून बोलायला लावतो: थांबलेली गाडी क्वचित, धावती जास्त वेळा, दिशा बदलली की लगेच. वरंध्यासारख्या घाटात मात्र वळणाचा कोन मुद्दाम वाढवून ठेवतो, नाहीतर ट्रॅकर बडबड्या होतो. त्या बडबडीने अचूकपणाही वाढत नाही. साध्या पॅकेटात अक्षांश मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंतच लिहिलेला असतो, म्हणजे सुमारे १८ मीटर. एकावर एक वळणं असलेल्या रस्त्यावर ठिपका वरच्या वळणावर की खालच्या, हे नकाशा नेमकं सांगत नाही.

आवाजाचंही तेच. १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांतून पॅकेटाची 'खर्र' तयार होते. मोठ्याने पाठवलं की लांब पोचेल, असं वाटून पातळी चढवली की सूर कापले जातात. सिग्नल दणदणीत, पण उकल शून्य. थोडा सराव झाला की हे कानालाच कळतं.

नकाशासमोर बसणाऱ्यालाही असाच संयम लागतो. ठिपका म्हणजे गाडी शेवटची ऐकू आली ती जागा. तो हलेनासा झाला, तर आधी पॅकेटाची वेळ, मग तेव्हाचा वेग आणि दिशा, मग पुढे कुठली डोंगराची आड येते, ते बघायचं. आड संपून गाडी जितक्या वेळात पुन्हा ऐकू यायला हवी, तितका वेळ थांबायचं. तो उलटला, की मात्र एक मिनिटही न दवडता माणसं पाठवायची.