सीटखालची टाकी

आमच्या जीपमध्ये ड्रायव्हर पेट्रोलवर बसायचा. यात अतिशयोक्ती काही नाही. जुन्या सीजे-थ्रीबी जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, फ्लोअरच्या खोलगट जागेत बसवलेली आणि वरून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. "कोंबडी अंड्यावर बसती, मी पेट्रोलवर," असं आबा म्हणायचे आणि खुशाल विडी पेटवायचे. त्यांचं काही झालं नाही. म्हणून मग आम्हालाही वाटायचं, काही होत नसतं.

ही जीप आबांनी १९७४ साली सरकारी लिलावात घेतली. उंच बॉनेटची, कारण तिचं इंजिनच उंच. पुढं भावकीतल्या सगळ्यांनी आपापल्या जीपना डिझेल इंजिनं बसवली, आबांनी नाही बसवलं. गावातल्या किती बाळंतिणी, किती नवऱ्या आणि किती साप चावलेली माणसं त्या जीपनं तालुक्याला नेली असतील, याचा हिशोब कुणाकडं नाही.

टाकीशी माझी पहिली ओळख तोंडानं झाली. मी चौथीत होतो. पेट्रोल काढायला आबांनी नळी टाकीत घातली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं, "ओढ." ओढलं. घोटभर पोटात गेलं. थोरल्या चुलत्यांनी उलटी काढायला घशात बोटं घातली, आणि डॉक्टरांनी आबांना झापलं ते त्यावरून. पेट्रोल पोटात जाणं वाईटच, पण उलटी होताना ते फुफ्फुसात उतरतं, ते त्याहून वाईट. आठ दिवस मी खोकत होतो आणि ढेकर आली तरी पेट्रोलचा वास यायचा.

आबा २००८ मध्ये गेले. जीप गोठ्याशेजारच्या छपरात उभीच राहिली. सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला. चार वर्षांनी भावाच्या पोरानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, मनावर घेतलं. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि नवरी आबांच्या जीपमधून मांडवात यायला पाहिजे, असा त्याचा हट्ट. पण छपरात शिरलं की वास यायचा. जुन्या पेट्रोलचा वास ताज्यासारखा नसतो, शिळ्या व्हार्निशसारखा असतो. टाकीच्या खालच्या जोडाला ओल होती.

मिस्त्रींना बोलावलं. सत्तरी ओलांडलेले, आबांच्या वेळेपासूनचे. आले आणि पहिलं वाक्य बोलले, "ही भाईर काढा." चौघांनी ढकलून जीप चिंचेखाली उघड्यावर आणली. मला हे उगाच वाटलं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि सखल जागेत साचून राहते. आमचं छप्पर जोत्यापेक्षा हातभर खाली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, हे सगळं फळ्यावर लिहून झालेलं आहे. छपरात उभा असताना मात्र आठवलं नाही.

मग त्यांनी बॅटरीची अर्थची वायर आधी सोडली, नंतर दुसरी, आणि बॅटरी उचलून पार जोत्यावर ठेवायला लावली. मोबाईल घरात. नळी तोंडाला लावायची नाही, रॉकेल काढायचा हातपंप आणायचा. पेट्रोल घ्यायला पुतण्यानं प्लास्टिकची कॅन आणली होती, ती परत पाठवून पत्र्याचा डबा मागवला. डबा आणि जीपची चासी एका उघड्या तारेनं जोडली. "वाहत्या पेट्रोलात बी करंट तयार हुतो, मास्तर. चट्टदिशी ठिणगी पडती," ते म्हणाले. सात-आठ लिटर काळपट पेट्रोल निघालं. पाइपाचा नट सोडताना एका पान्यानं धरायचं आणि दुसऱ्यानं फिरवायचं, नाहीतर नटाबरोबर पाइपच पिळवटतो. पेट्रोल-काट्याची वायर काढून टोकाला टेप गुंडाळली.

सगळं निघालं, पट्ट्यांचे बोल्ट तेवढे निघेनात. गंजून एकजीव झालेले. मिस्त्रींनी त्यावर डिझेल सोडलं, टाकीचं टोपण उघडंच ठेवलं, "मी आल्याबिगर हात लावू नगा," म्हणाले आणि गेले.

आठ दिवस गेले. बोल्ट तसेच. लग्न जवळ आलं. एका सकाळी पुतण्यानं ग्राइंडर आणला. मला विचारलं, "काका, दोन मिनिटाचं काम आहे. टाकी रिकामीच हाय न्हवं?"

मी टाकीत डोकावलो. काठीला फडकं गुंडाळून तळ पुसला, फडकं कोरडं आलं. "आठ दिवस टोपण उघडं आहे, ऊन लागतंय," मी म्हणालो. "कोरडी ठाक आहे. लाव."

हे मी म्हणालो. विज्ञानाच्या मास्तरनं.

पुतण्यानं वायर ओढत आणली, चष्मा लावला. तेवढ्यात मिस्त्री फाटकातून आत आले. ओरडले नाहीत, धावले नाहीत. वायर जिकडून आली होती तिकडं, ओसरीवरच्या बोर्डाकडं सरळ चालत गेले आणि पिन उपसून काढली. मग येऊन चिंचेच्या मुळावर बसले. त्यांचे हात कापत होते.

"रिकामी कोण म्हणालं?"

मी म्हणालो, मी.

बऱ्याच वेळानं त्यांनी सांगितलं. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते शहरातल्या एका गॅरेजात शिकायला होते. एका गाडीची टाकी वेल्डिंगला आली. बरेच दिवस उन्हात पडलेली. उस्तादांनी विचारलं, "रिकामी हाय का रं?" ह्यांनी टाकी पालथी करून हलवून दाखवली. थेंब पडला नाही. म्हणाले, "व्हय, रिकामी हाय." उस्तादांनी गॅसची ज्योत लावली. टाकीचा एक बाजूचा पत्रा उडाला तो उस्तादांच्या छातीवर. दवाखान्यात नेईपर्यंत राहिले नाहीत.

"भरल्याली टाकी पेटती, मास्तर. रिकामी फुटती. तवापासनं म्या कुठल्या टाकीला रिकामी म्हणलो न्हाय."

रात्री मी कागद घेऊन बसलो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की भडका उडतो. कमी असली तर पेटत नाही, जास्त असली तर हवा पुरत नाही. भरलेल्या टाकीत वाफ बहुधा जास्तच असते. रिकामी होता होताच ती नेमक्या त्या टप्प्यात येते. आमची टाकी चाळीसएक लिटरची. तेवढी जागा स्फोटाला तयार व्हायला चहाचा एक चमचासुद्धा पेट्रोल लागत नाही. आणि तेवढं तर जोडाच्या सांदीत, गंजाच्या पापुद्र्याखाली दडलेलं असतं. फडक्याला ते लागत नाही.

त्या सकाळी मात्र मिस्त्रींनी हिशोब केला नाही. "आधी पाणी," म्हणाले. वहिनीला चूल विझवायला लावली, कारण पाणी भरताना आतली वाफ तोंडातून बाहेर पडते. वहिनी कुरकुरल्या, चहा राहिला. हौदातून बादल्या आणून आम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून टाकी भरू लागलो. तोंडावरची हवा थरथरताना दिसत होती, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसते तशी. शेवटी पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला आणि काठावरून वाहिला. कोरडी ठाक टाकी!

मग हॅक्सॉ. पुतण्या कापायचा आणि मी पात्यावर पाणी सोडायचो. दोन मिनिटांच्या कामाला सव्वादोन तास लागले. मिस्त्री मुळावर बसून होते, पण नजर हलली नाही. बोल्ट तुटले तसं पाणी काढून टाकी उचलली, तोंडात दाणे काढलेलं मक्याचं कणीस ठोकलं आणि विहिरीपासून लांब मुरमावर नेली. कपडे धुवायची पावडर आणि बारीक खडी आत टाकून दोघं दोन बाजूंनी हलवत बसलो. गंजाचं पाणी चहासारखं निघत राहिलं. सहाव्या-सातव्या खेपेला बरं आलं.

जोडाला वेल्डिंग नाहीच केलं. मिस्त्रींनी टाकी पुन्हा पाण्यानं भरून तिरकी टेकवली, जोड वरच्या अंगाला आणि पाणी जोडाच्या जेमतेम खाली. पत्रा घासला. सोल्डरिंगचं तांबं लांब, गोठ्यापलीकडं शेगडीत तापवून आणलं आणि कथलाचा डाग दिला. हातात ज्योत नाही. डाग देताना त्यांनी पुतण्याला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "आत काय हाय?"

"पाणी," पुतण्या म्हणाला.

"किती?"

"जोडाच्या दोन बोटं खाली."

"हां," मिस्त्री म्हणाले आणि तांबं टेकवलं.

लग्नाला जीप गेली नाही. टाकी बसली, पाच लिटर ताजं पेट्रोल घातलं, पण पेट्रोल पंपाचा पडदा वाळून चिरला होता आणि तो मिळेपर्यंत नवरी भाड्याच्या गाडीतून मांडवात आली. पुतणी अजून ते बोलून दाखवते. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, गुळाची एक ढेप नेली. जाताना ग्राइंडरकडं बोट करून पुतण्याला म्हणाले, "चांगला हाय. दाराच्या कड्या कापायला वापर."