योनी : मॅन्युअल नसलेला अवयव

चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून माणसाचा जन्म मिळतो, हे आमची आजी कीर्तनातून ऐकून येते आणि येईल त्याला सांगते. इथून तीसेक किलोमीटरवर वेरूळला घृष्णेश्वर आहे. तिथली शाळुंका कशाचं प्रतीक आहे हे कुणालाच ठाऊक नाही असंही नाही. पण हाच शब्द शरीराबद्दल उच्चारायचा म्हटला की आख्खं छत्रपती संभाजीनगर मुकं! मग उरतं काय? "खाली", "तिकडे", नाहीतर "शूची जागा".

आता हे "शूची जागा" मुळातच चूक आहे. लघवीचा मार्ग वेगळा, त्याचं छिद्र वर. योनीचं त्याच्या खाली आणि गुदद्वार मागे. तीन वेगळे पोर्ट आहेत हो! शिवाय बाहेरून जे दिसतं ते भग. योनी म्हणजे आतली नळी, जी गर्भाशयाच्या मुखापर्यंत जाते. लांबी साधारण ७ ते १० सेंटिमीटर. नळी म्हटलं तरी पाइपसारखी सताड उघडी नसते, एरवी तिच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. त्या भिंतींना चुण्या असतात, म्हणूनच बाळ बाहेर येताना ती इतकी ताणली जाते आणि पुढे बऱ्याच अंशी पूर्ववत होते. पाळीचं रक्त, शरीरसंबंध, बाळंतपण... तिन्ही कामांना एकच वाट. डिझाइन म्हणून मला तर हे भारी वाटतं.

आणि मेंटेनन्स? तोही ऑटोमॅटिक. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात, दह्यातल्या विरजणाच्या जातकुळीतले. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत आतला पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि बाकीच्या जंतूंना तिथे सहसा थारा मिळत नाही. थोडा पांढरा स्राव हा त्याच यंत्रणेचा भाग. खाज, दुर्गंधी, दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव असेल तर डॉक्टर गाठायचा. एरवी बाहेरून साधं पाणी पुरे. ते सुगंधी वॉश वगैरे आत वापरणं म्हणजे चालू सिस्टीममध्ये उगाच बोटं घालणं. (मेडिकलवाला पॅड काळ्या पिशवीत देतो आणि हे वॉश मात्र काउंटरवर मांडून ठेवतो, ही एक गंमतच.)

पण हे सगळं लिहायला बसले ते एका मैत्रिणीमुळे. एमटेक झालेली, महिन्यावर लग्न आलेलं. रात्री साडेअकराला फोन. "ए, पहिल्या रात्री रक्त आलंच नाही तर गं?" तिला शास्त्र ठाऊक होतं. भीती शास्त्राची नव्हतीच, सासरची होती.

तर योनिपटल म्हणजे सील नव्हे. तोंडाशी असलेली ती पातळ, लवचिक कड असते आणि तिला मुळातच छिद्र असतं. नसतं तर पाळीचं रक्त बाहेर कुठून आलं असतं? कुणाची कड जाड, कुणाची नावापुरती. बऱ्याच जणींना पहिल्यांदा रक्त येत नाही. ज्यांना येतं त्यांनाही पुष्कळदा घाई आणि कोरडेपणामुळे येतं. कौमार्य सांगणारी कुठलीही तपासणी अस्तित्वात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षी आपल्याकडे कंजारभाट समाजातली तरुण मुलं-मुली लग्नानंतरच्या पांढऱ्या चादरीच्या परीक्षेविरुद्ध उघड उभी राहिली. त्यासाठी घरच्यांचा आणि जातपंचायतीचा रोष पत्करला. बलात्कार झालेल्या बाईची 'दोन बोटांची चाचणी' करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते २०२२ मध्ये. म्हणजे काल-परवा!

आणि हे बोलणारा माणूस आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होता. र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक. त्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली सुरू झालं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर, आमच्या गावात पुढे मिलिंद कॉलेज काढणारे. खटला हरले, दंड झाला, पण मासिक कर्वे जाईपर्यंत, १९५३ पर्यंत चालू राहिलं.

आमच्या शाळेत प्रजननाच्या धड्याला "हे घरी वाचा" म्हणाले होते. घरी म्हणाले, "शाळेत शिकवतील."

असो. दीड वर्षाच्या पोरीला आपण कौतुकाने विचारतो, नाक कुठंय, कान कुठंय? त्या यादीत एक शब्द वाढवून बघा. पुढे कधी काही दुखलं, कुणी नको तिथे हात लावला, तर निदान सांगायला तिच्याकडे शब्द तरी असेल.