आई, पर्स खाली ठेव आणि काठी हातात घे!

सुट्टीतली कोणतीही कौटुंबिक सहल आठवून बघा. मुलं खेळत असतात, बाबा व्हिडिओ काढत असतात, आजोबा सावली शोधत असतात. आणि आई? ती बाकावर बसून सगळ्यांच्या चपला, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा सांभाळत असते. आज तुम्हाला ज्या मैदानावर घेऊन जायचंय, ते अशाच बाकावर बसवलेल्या बायकांमुळे जन्माला आलं.

या मैदानाचं नाव आहे ‘हिमालय’, आणि ते आहे चक्क स्कॉटलंडमध्ये!

एडिनबरोहून ट्रेनने साधारण तासाभरात लूकर्स स्टेशन येतं. तिथून बसने थोड्याच वेळात तुम्ही सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावात पोहोचता. इथलं ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फचं मैदान जगप्रसिद्ध आहे. त्याच्या शेजारीच हिरवळीचा एक तुकडा आहे, नुसत्या उंचवट्यांनी आणि खळग्यांनी भरलेला. त्या चढउतारांमुळेच त्याला हिमालय म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायकांनाही गोल्फ खेळायचं होतं. पण बाईने खांद्याच्या वर हात नेऊन काठी फिरवणं तेव्हा अशोभनीय समजलं जायचं. ‘मुलीच्या जातीला हे शोभतं का?’ हे वाक्य काही फक्त आपल्याकडचं नाही! मग 1867 साली त्यांनी आपला वेगळा क्लब काढला. ओल्ड टॉम मॉरिस या नावाजलेल्या गोल्फपटूने त्यांना मैदान आखून दिलं. खेळ कोणता? तर चेंडू उंच न उडवता, जमिनीवरून हळूच ढकलत भोकात घालायचा. मिनी गोल्फचं मूळ अनेक जण इथेच शोधतात. पुढे 1927 च्या सुमारास अमेरिकेत गार्नेट कार्टर यांनी ‘टॉम थम्ब’ नावाने या छोट्या गोल्फचा धंदा केला आणि तो घरोघरी पोहोचला.

गंमत बघा, बायकांना झेपेल आणि शोभेल म्हणून दिलेला तो छोटा खेळ आज सगळ्या घराला एकत्र खेळता येतो. हिमालय अजूनही त्या महिला क्लबचाच आहे. सदस्यांच्या राखीव वेळा सोडल्या तर उन्हाळ्याच्या मोसमात कुणीही थोडे पैसे भरून, काठी आणि चेंडू घेऊन खेळू शकतं. इथे पवनचक्क्या नाहीत की प्लॅस्टिकचे डायनासोर नाहीत. फक्त गवत, उतार आणि समुद्राचा वारा. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नको. मात्र मुलांची जाकिटं विसरू नका, तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा असतो.

या खेळात ताकदीचा उपयोग नाही. जोरात मारलं की चेंडू उंचवट्यावरून पलीकडे घरंगळत जातो. ज्यांनी लहानपणी गोट्या अचूक गलीत घातल्या आहेत, त्या आजीचा हात इथे बाबांपेक्षा सरस ठरू शकतो. सहा वर्षांचं नातवंड आणि पासष्ट वर्षांची आजी बरोबरीने खेळतील असे खेळ आहेत तरी किती?

अर्थात, त्यासाठी स्कॉटलंडलाच जायला हवं असं नाही. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या काही मॉल्समध्ये आणि रिसॉर्ट्सवर मिनी गोल्फ आहे. जाल तेव्हा एवढं करा:

• एका भोकासाठी जास्तीत जास्त सहा फटके. सहाव्यालाही चेंडू गेला नाही, तर सात गुण लिहून पुढे चला. स्पर्धांमध्येही हीच पद्धत असते. लहानग्यांची रडारड वाचते.

• ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला. हा हिशेब मुलांनाच ठेवू द्या.

• मुलांना मुद्दाम जिंकवू नका. त्यांना ते कळतं. हरल्यावर ‘अजून एकदा!’ म्हणता येणं ही सुट्टीतली मोठी कमाई आहे.

• काठी गुडघ्याच्या वर उचलायची नाही. हा नियम सगळ्यांच्या सुरक्षेसाठी, फक्त बायकांसाठी नाही!

आणि बाहेर जाणं जमलंच नाही, तर दुपारी चटई अंथरा. स्टीलचा पेला आडवा ठेवा, पुठ्ठ्याच्या खोक्याचा बोगदा करा, पाटाचा उतार करा. प्लॅस्टिकची बॅट आणि रबरी चेंडू पुरे.

फक्त एक अट. खेळायला सुरुवात करण्याआधी आईला बाकावरून उठवा. पिशव्या आळीपाळीने सगळे सांभाळतील. पहिला फटका तिचा!