हाली नोटेची पाठ

बीड जिल्ह्यातील जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी अद्यापही एखादी ‘हाली’ नोट सापडते. तरुण वाचकांस हा शब्द कदाचित अपरिचित असेल. हैदराबाद संस्थानचे स्वतःचे चलन होते. त्यास उस्मानिया सिक्का अथवा हाली सिक्का म्हणत. १९१८ साली संस्थानने दहा व शंभर रुपयांच्या कागदी नोटा काढल्या, पुढील वर्षी एक व पाच रुपयांच्या. इंग्रजी सहा रुपयांस हाली सात रुपये पडत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तरी हाली चलन भारतीय चलनाच्या जोडीने काही वर्षे चालत राहिले आणि १९५९ साली कायमचे बंद झाले.

अशा चार नोटा आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आमच्यापुढे आणून ठेवल्या. आजोबांच्या हाती त्या राहून गेल्या होत्या. निरुपयोगी झाल्यावर त्यांनी त्या पुठ्ठ्यावर चिकटवून काचेच्या चौकटीत लावल्या आणि प्रत्येकीखाली, कोणत्या बाजारात काय विकून ती मिळाली, हे शिसपेन्सिलीने लिहून ठेवले. आता नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी पैशांची निकड होती. संग्राहक म्हणाला, पाठ पाहिल्याशिवाय भाव सांगता येणार नाही. मुलाचा विचार सबंध पुठ्ठा परातीतील पाण्यात बुडविण्याचा होता. आजी मात्र एवढेच म्हणाल्या, “नोटा न्या, पण यांच्या हातचं अक्षर तेवढं राहू द्या, फादर.”

बाप्तिस्म्याच्या जीर्ण नोंदवह्यांची डागडुजी करता करता खळ, डिंक आणि टिपकागद यांच्याशी आमचा जुना परिचय होता. त्या अनुभवाचे सार असे की, नोट पुठ्ठ्यापासून ओढायची नसते. पुठ्ठा नोटेपासून काढायचा असतो. पुठ्ठा जाड आणि नोट पातळ. ओढाताणीत फाटते ती नोट.

आम्ही प्रथम सबंध चौकटीचे छायाचित्र घेतले. नंतर प्रत्येक नोट भोवतालच्या पुठ्ठ्यासह धारदार पात्याने चौकोनी कापून वेगळी केली. अक्षरे असलेला भाग जागच्या जागी सुरक्षित राहिला. शाई टिकते की नाही हे पाहण्यासाठी ओलसर कापूस एका कोपऱ्यातील रंगावर टेकवला व वर टिपकागद दाबला. क्रमांक, शिक्का, सही यांची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते. एक शाई टिकली म्हणून दुसरी टिकेलच असे नाही. किटलीची वाफ आम्ही मुळीच वापरली नाही. ती सर्वत्र सारखी लागत नाही. कागद आखडतो आणि शाई पसरू शकते.

मग नोट काचेवर, टिपकागदाच्या आधाराने, पालथी ठेवून पुठ्ठ्याचे पापुद्रे मागून एकेक करून सोलले. अखेरचा पातळ थर उरल्यावर त्यावर ओलसर टिपकागद काही मिनिटे ठेवला. खळ मऊ झाली तेव्हा बोथट बांबूच्या पट्टीने तो थर उचलला. पाणी ओतले नाही, बोटाने खरवडले नाही. शेवटी नोट कोरड्या टिपकागदांत घालून वर वजन ठेवले आणि टिपकागद वरचेवर बदलले. इस्त्री फिरवली नाही. या कामात तीन संध्याकाळ गेल्या.

तीन नोटा सुटल्या. चौथी मागाहून कोणी पांढऱ्या गोंदाने पुन्हा चिकटवली होती. असा गोंद सुकल्यावर पाण्याने फुगतो, मऊ होतो, परंतु विरघळत नाही. तेथे आम्ही थांबलो आणि पुठ्ठ्याचा पातळ थर नोटेस तसाच राहू दिला. थांबावे कोठे हे कळणे हाही या कामाचाच एक भाग आहे.

सुटलेल्या नोटांच्या पाठीवर इतर भाषांबरोबर मराठीतही रक्कम छापलेली होती. संस्थानात मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी प्रजा होती, म्हणून उर्दूबरोबर या भाषाही नोटेवर आल्या. एवढी वर्षे ती मराठी अक्षरे पुठ्ठ्याकडे तोंड करून होती. नातीने ती मोठ्याने वाचली. आजी ऐकत राहिल्या. तीन नोटा विकल्या गेल्या, त्यांतून पहिल्या हप्त्याची सोय झाली. चौथी नोट कागदी कोपऱ्यांत अडकवून आजोबांच्या अक्षरांवर पूर्वीच्या जागी बसविली. गोंदाचा थेंबही लावला नाही.

ज्यांच्या घरी अशी चौकट असेल त्यांना आमची विनंती आहे: नोट पुन्हा चिकटवू नका, लॅमिनेट करू नका, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. काढावयाचीच असेल तर आधी पुठ्ठ्यावर काय लिहिले आहे ते वाचा, आणि मग सावकाश काढा. पुठ्ठा दुसरा मिळतो. नोटेचा निघालेला पापुद्रा पुन्हा मिळत नाही.