पान हिरवे, नाव नीळ

बार्शीहून सोलापूरकडे जाताना वाटेत वैराग लागते. एका कार्यक्रमासाठी आम्ही तेथे गेलो होतो. गावाबाहेर बांधालगत कमरेपेक्षा कमी उंचीची झुडपे दिसली. तरवडासारखी पण लहान पाने, गुलाबी फुले, बारीक शेंगा. सोबतच्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "ही निळीची जात."

निळा म्हटला की आपल्याला झेंडा आठवतो. पण या झाडात निळे काहीच दिसत नाही! पाला हौदात भिजत घालून आंबवला की पिवळसर-हिरवे पाणी सुटते. ते खूप घुसळले, वारा लागला, की निळे होते. गाळ खाली बसतो; तो आटवून, दाबून वड्या पाडतात. हे घुसळण्याचे काम मजूर हौदात कंबरभर पाण्यात उभे राहून करीत.

संस्कृतात या झाडाला नीली म्हणत, मराठीत ती नीळ झाली. अरबांनी तिला 'अन्-नील' म्हटले, पोर्तुगीजांनी 'आनिल'. ग्रीकांनी तर झाडाचे नाव न घेता 'इंडिकोन', म्हणजे हिंदुस्थानचा माल, एवढेच म्हटले. त्यातूनच 'इंडिगो' शब्द आला.

माल जगभर गेला, पण पिकवणाऱ्याच्या हाती काय आले? बंगालमध्ये निळवाले गोरे मळेवाले रयतेवर सक्ती करीत. १८५९ साली रयतेने नीळ पेरायला नकार दिला. चंपारणात वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे नीळ लावण्याची सक्ती होती. १९१७ च्या लढ्यानंतर १९१८ च्या कायद्याने ती गेली.

तोवर जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली होती. निळीतून काढलेल्या एका रसायनाला 'आनिल'वरून अॅनिलीन नाव मिळाले होते. पुढे त्याच अॅनिलीनपासून कारखान्यात नीळ बनू लागली. झाडाच्या नावाच्या रसायनानेच झाडाची शेती मोडली.

विहारात जाण्यासाठी पांढरी साडी, पांढरा सदरा धुताना आपल्या मायबहिणी नीळ देतात. त्या पुडीत किंवा बाटलीत आता झाडाचा कण नसतो. नाव मात्र तेच आहे. वाचकहो, वैरागकडे गेलात तर मुलांना ते झुडूप जरूर दाखवा. पान हातात द्या आणि हौदात उभ्या राहिलेल्या माणसांचीही गोष्ट सांगा.