डेल्स आडवे कापताना

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये, म्हणजे दऱ्यांच्या मुलखात, सायकलवर फिरायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो दरीच्या तळातून जाण्याचा. नदी सोबतीला असते, गावं लागत राहतात, दमही कमी लागतो. मी मात्र प्रत्येकाला उलटं सांगतो: दऱ्या आडव्या कापा. तळातून खिंडीपर्यंत चढा, माथ्यावरचा मूर, म्हणजे उघडा माळ, ओलांडा आणि पलीकडच्या दरीत उतरा. हा मुलूख कसा रचलेला आहे, ते त्याशिवाय कळत नाही.

जूनच्या अखेरीस लीड्सहून सेटल-कार्लाइल मार्गाची गाडी धरली. या गाडीत सायकलींना जागा मोजकीच असते आणि ती आधी राखून ठेवता येत नाही, त्यामुळे वेळेआधी पोचलेलं बरं. रिबलहेडचा 24 कमानींचा पूल गेला, ब्ली मूरचा लांबलचक बोगदा गेला, मग डेंट लागलं. 350 मीटर उंचीवरचं हे इंग्लंडच्या मुख्य लोहमार्गांवरचं सर्वांत उंच स्टेशन. त्याच्या पुढच्या गार्सडेलला उतरलो आणि वेन्सलीडेलच्या उतारावर सायकल सोडली. हॉजला चहा घेतला, इथल्याच कारखान्यातल्या चीजचा एक तुकडा पिशवीत टाकला आणि बटरटब्जच्या खिंडीकडे वळलो.

पसरणी किंवा वरंध घाट चढलेल्या माणसाला इथला चढ सुरुवातीला चक्रावून टाकतो. आपले घाट वळणं घेत, दमादमाने वर नेतात. इथल्या कित्येक वाटा मुळात लादलेल्या घोड्यांच्या आणि गुराख्यांच्या. डांबर त्यांच्यावर पुढे कधीतरी पडलं, त्यामुळे रस्ता सरळ डोंगराच्या अंगावर जातो. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे नकाशांवर अशा जागी रस्त्यावर छोटे बाण काढलेले असतात. एक बाण म्हणजे सातास एकपेक्षा तीव्र चढ, दोन बाण म्हणजे पाचास एकपेक्षा. मार्ग आखताना मी अंतराच्या आधी हे बाण मोजतो. डोंगराळ भागातला दिवस मैलांवर ठरत नाही, बाणांवर ठरतो.

सिमनस्टोनची घरं मागे पडताच सर्वांत लहान गिअर टाकावा लागला. दोन्ही बाजूंना दगडी बांध, बांधांआड कुरणं. वर जावं तसे बांध विरळ होत गेले, गवत आखूड आणि पिवळट होत गेलं. मग रस्त्यात लोखंडी पट्ट्यांची जाळी आली. मेंढ्यांचे पाय तिच्यावर ठरत नाहीत, म्हणून तिथे फाटक लागत नाही. जाळी ओलांडली की मोकळा मूर: वारा, हेदरची तपकिरी झुडपं आणि झाडाचं नाव नाही. 5 जुलै 2014 रोजी टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा याच चढावरून गेला. तेव्हा 42 वर्षांचा येन्स फोइग्ट एकटा पुढे होता आणि दोन्ही बाजूंच्या गर्दीतून रस्ता जेमतेम सायकलपुरता उरला होता. मी चढलो तेव्हा सोबतीला मेंढ्या होत्या आणि टिटवीचे इथले भाऊबंद डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होते.

माथा 526 मीटरवर आहे. तो ओलांडला की रस्त्याच्या कडेलाच ते खड्डे लागतात, ज्यांच्यावरून खिंडीला नाव पडलं. पावसाच्या किंचित आम्लयुक्त पाण्याने चुनखडी विरघळवून केलेली ही खोल विवरं. मध्ये पन्हाळी पडलेले दगडी खांब उभे आहेत आणि त्यांच्या खाचांत नेचे वाढलेत. हॉजच्या बाजाराला निघालेले शेतकरी उन्हाच्या दिवशी इथे थांबून लोण्याची भांडी गारव्याला आत सोडत, असं सांगतात.

पलीकडे स्वेलडेल. थ्वेट गावापर्यंतच्या उतारावर वारा कानात घोंगावत होता. रानातल्या पक्ष्यांची छायाचित्रं काढण्याच्या कलेचे आद्य उपासक रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे भाऊ याच गावचे. त्यापुढे मुकर. इथे सायकल भिंतीला टेकवून पायी कुरणात जायला हवं. फरसबंद पायवाट एका माणसापुरतीच रुंद आहे, कारण आजूबाजूचं गवत तुडवायचं नसतं. ते हिवाळ्याची वैरण आहे.

मी तिथे बराच वेळ होतो. जांभळं वुड क्रेन्सबिल, बटरकप आणि या सगळ्यांमध्ये यलो रॅटल नावाचं एक छोटं पिवळं फूल. दिसायला साधं, पण कुरणाची खरी किल्ली त्याच्याकडे आहे. हे अर्धपरजीवी रोप आपली मुळं गवताच्या मुळांना चिकटवून अन्नपाणी ओढतं. गवताचा जोर कमी होतो आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. बी पिकून सांडेपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, विळा थांबवावा लागतो. रासायनिक खत टाकलं तर गवत माजतं आणि काही वर्षांत फुलं संपतात. ब्रिटनने 1930च्या दशकापासून अशी 97 टक्के फुलांची कुरणं गमावली. उरलेल्यांपैकी एका तुकड्याच्या मधोमध उभं असल्याची जाणीव मनात खोल उतरते.

जवळजवळ प्रत्येक कुरणात दगडी गोठा आहे. हिवाळ्यात खाली गुरं बांधायची, माळ्यावर त्याच कुरणाचं गवत भरायचं आणि शेण पुन्हा त्याच कुरणात टाकायचं. वाहतुकीचा त्रास नाही. उन्हाळ्यात मेंढ्या वर मूरवर जातात, म्हणून खाली गवत वाढू शकतं. दरीतलं कुरण आणि माथ्यावरचा माळ ही एकाच शेतीची दोन अंगं आहेत. तळातून जाणाऱ्याला यातलं एकच अंग दिसतं.

गनरसाइडच्या अलीकडे एक वयस्कर गृहस्थ ढासळलेला बांध रचत होते. मी थांबून बघू लागलो, तर त्यांनी हातचं काम न थांबवता समजावून सांगितलं. बांध म्हणजे दोन भिंती, वर जाताना एकमेकींकडे झुकणाऱ्या. मधल्या पोकळीत बारीक दगड ठासायचे, ठरावीक उंचीवर दोन्ही भिंतींना सांधणारे लांब दगड आडवे घालायचे आणि शेवटी माथ्यावर उभे दगड. चुना नाही, सिमेंट नाही. “एकदा उचललेला दगड खाली ठेवायचा नाही. त्याची जागा शोधायचीच,” ते म्हणाले. यॉर्कशर डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात असे 8,000 किलोमीटरहून जास्त बांध आहेत.

वरच्या मूरवर मात्र बांध नाहीत, तरी कळप एकमेकांत मिसळत नाहीत. आपला माळ कुठला, हे कोकराला आईकडून कळतं आणि ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कळपातच राहतं. म्हणून 2001च्या लाळ्या-खुरकूत साथीत ब्रिटनमध्ये जे डोंगरी कळप मारले गेले, त्यांच्या जागी नुसत्या नव्या मेंढ्या आणून भागण्यासारखं नव्हतं.

रीथला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी आर्केनगार्थडेल चढायला घेतली. लॅंगथ्वेटच्या वरचे डोंगर ठिकठिकाणी चिरलेले दिसतात. शिशाच्या शिरा उघड्या करण्यासाठी वर पाणी अडवायचं आणि मग बांध फोडून एकदम सोडायचं, ही इथल्या खाणकामाची रीत होती. पाण्याने माती खरवडून नेली. बाहेरून स्वस्त शिसं येऊ लागल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा बसला, माणसं पांगली. जखमा अजून भरलेल्या नाहीत.

पुढचे कित्येक मैल घर नाही. मूर रानटी वाटतो, पण माणसाने आणि मेंढीने मिळून तो तसा ठेवलेला आहे. ग्राउस पक्ष्यांना कोवळे कोंब मिळावेत म्हणून हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळतात आणि 12 ऑगस्टला शिकारीचा मोसम सुरू होतो. मला हे पटत नाही. या हेदरखाली पीट आहे, पाण्यात न कुजता साचलेल्या शेवाळाचा थर, वर्षाला मिलिमीटरभर वाढणारा. हजारो वर्षांचा कार्बन त्यात साठलाय. विसाव्या शतकात निचऱ्यासाठी खणलेले चर आता बुजवले जात आहेत आणि त्या कामाला माझा मनापासून पाठिंबा आहे. टॅन हिलजवळ कॉटन ग्रासचे पांढरे झुबके वाऱ्यावर एका दिशेला झुकले होते. कुठूनतरी कर्ल्यू पक्ष्याची लांबत जाणारी शीळ येत होती.

टॅन हिलची खाणावळ 528 मीटरवर आहे. ब्रिटनमधला हा सर्वांत उंचावरचा पब. पूर्वी आसपासच्या कोळसा खाणींतले मजूर इथे येत. सूप पिऊन केल्डला उतरलो आणि तिथून नेटबीकडचा निर्मनुष्य रस्ता घेतला. बर्कडेलमधून पुन्हा चढ, पुन्हा जाळी, पुन्हा मूर. माथ्यावर पाणलोट बदलतो: मागे स्वेल उत्तर समुद्राकडे जाते, पुढे ईडन आयरिश समुद्राकडे. उतार इतका तीव्र की ब्रेक दाबून बोटं आखडली. हेदर संपलं, बांध सुरू झाले, मग वैरणीची कुरणं, गोठे, घरं. कालचाच क्रम, वरून खाली वाचत आलेला.

कर्कबी स्टीफनहून परतीची गाडी मिळते. फक्त पायांत दम राखून ठेवा: स्टेशन गावापासून दीडेक मैल बाहेर आहे, तेही चढावर.