खुराक तेवढी मेहनत

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला मामूंकडे गेलो, ते केवळ फिरायला नव्हे. आमचा सोळा वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपासून जिमला जात होता. अंग लवकर पिळदार दिसावे म्हणून त्याने भात-चपाती सोडली, रात्रीचे जेवणही टाळू लागला. एके सकाळी व्यायाम करतानाच चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही, पोटात अन्न नाही." तरी तो आमचे ऐकेना. मामू तरुणपणी कुस्ती खेळलेले. त्यांचे तरी ऐकेल, अशी उमेद होती.

फजरची नमाज पढून मामू आम्हाला एका जुन्या तालमीत घेऊन गेले. आत तांबड्या मातीचा आखाडा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती माती मळतात. पोरांच्या जोर-बैठका केव्हाच सुरू झाल्या होत्या. कोपऱ्यात एक जण रात्री भिजवलेले बदाम सोलून कुंडीत घोटत होता. सोबत खसखस, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडे. मेहनत संपली की दुधातली ही थंडाई प्यायची.

मुलाने धीर करून विचारले, "वस्ताद, ही पोरं पण उपाशीपोटीच व्यायाम करतात ना?"

"करत्यात की! पण रातच्याला पोटभर जेवून झोपलेली असत्यात. तू रात्री जेवत न्हाईस, सकाळी खात न्हाईस. चुलीत लाकूड न घालता भाकरी भाजायची म्हणतोस व्हय?"

मग त्यांनी दिवसाचा खुराक सांगितला. थंडाईनंतर काही वेळाने भाकरी, डाळ, भाजी, अंडी, कधी मटण. दुपारी झोप. मेहनतीने झिजते ते जेवणाने आणि विश्रांतीने भरून येते. मुलगा खाली मान घालून ऐकत होता.

संध्याकाळी राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेले खासबाग मैदान पाहिले आणि गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळून दिलेले फेसाळ दूध मुलाने गटागटा प्यायले. मामूंनी पेला घेतला नाही.

"कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही," ते म्हणाले. "दूध-तूप तेवढंच, बैठका बंद. आता रोज साखरेच्या गोळ्या घेतो. पोराला सांग, जेवण मेहनतीच्या मापानं असावं. कमीही नको, जास्तही नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी रंकाळ्यावर चाललो आणि सवयीने मिसळीच्या गाडीपाशी थांबलो. अर्धा तास चालायचे आणि तर्रीबरोबर चार पाव खायचे! मुलाने नुसते आमच्याकडे पाहिले. आम्ही मुकाट घरी आलो.

आता आमच्या घरात मुलगा रात्री भाकरी-डाळ पोटभर खातो. व्यायामाआधी एक केळे किंवा दोन-तीन खजूर, नंतर उकडलेली अंडी किंवा फुटाणे आणि दूध. पाणी दिवसभर. आम्ही बसून काम करणारे. आमच्या ताटात तूप कमी, भाजी जास्त. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. त्याला उपाशी ठेवणे हा जुलूम, आणि गरजेपेक्षा जास्त खाणे हा इसराफ.

परवा मामूंचा फोन आला होता. साखर किती आली ते सांगितले नाही. पण रोज फजरनंतर रंकाळ्यावर चालायला जातो, म्हणाले.